मतांचा टक्का आणि कर्तव्याचे माप

७ मे २०२४ रोजी लोकसभा निवडणुकीचा तिसरा टप्पा पार पडला. कृष्णा, वारणा आणि पंचगंगा या नद्यांच्या काठी राहणाऱ्या जनतेने त्या एकाच दिवशी मतदान केले. ऊन सगळीकडे सारखेच होते, यंत्रे सारखीच होती. परंतु अंतिम आकडे हाती आले तेव्हा कोल्हापूर मतदारसंघात ७१.५९ टक्के, हातकणंगल्यात ७१.११ टक्के, साताऱ्यात ६३.१६ टक्के आणि सांगलीत ६२.२७ टक्के मतदान झाल्याचे दिसून आले. एकमेकांच्या बांधाला बांध लागलेल्या मतदारसंघांत शंभरामागे आठ-नऊ माणसांचा हा फरक आहे.

असे आकडे प्रसिद्ध झाले की त्यांतून नीतीचा धडा काढण्याचा मोह सर्वांनाच होतो. अमुक ठिकाणचा मतदार जागरूक, तमुक ठिकाणचा उदासीन, असे निवाडे चटकन दिले जातात. टक्का म्हणजे जणू कर्तव्यबुद्धीचा तापमापक. धर्मगुरू म्हणून माणसांच्या कर्तव्याविषयी बोलणे हे आमचे नित्याचेच काम आहे, आणि म्हणूनच या निवाड्यांपुढे थोडे थांबून विचार करावा असे आम्हांस वाटते. मतदान न करणे हा दोष आहे काय? असल्यास तो कोणाचा? आणि मतदारसंघांच्या टक्केवारीतील चढउतारावरून तो आपणास मोजता येतो काय?

प्रथम आकड्यांकडेच पाहू. सांगली मतदारसंघ म्हणजे सांगली जिल्हा नव्हे. वाळवा-शिराळ्याचा बराचसा भाग लोकसभेसाठी हातकणंगल्याला जोडलेला आहे. साताऱ्याचेही तसेच. फलटण आणि माण हे माढा मतदारसंघात मोडतात. पूर्वी कराड हा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ होता. नव्या पुनर्रचनेनंतर, २००९ च्या निवडणुकीपासून तो नाहीसा झाला. मतदारसंघाची रेषा ही लोकसंख्येचा हिशेब करून कागदावर आखलेली रेषा असते, ती माणसांच्या स्वभावाची सीमा नसते. ‘सांगलीकर उदासीन’ असे म्हणताना आपण त्याच जिल्ह्यातील काही लाख माणसांना ७१ टक्क्यांच्या मानकऱ्यांत बसवलेले असते, याचे भान ठेवलेले बरे.

दुसरी गोष्ट अशी की हा क्रम कायमचा नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये सांगलीत सुमारे ६५-६६ टक्के मतदान झाले होते आणि साताऱ्यात सुमारे ६० टक्के. पाच वर्षांनी सांगली खाली आली, सातारा वर चढला आणि एका टक्क्याच्या आतल्या फरकाने पुढेही गेला. २०२४ साली सांगलीची लढत तिरंगी आणि चुरशीची होती. एका अपक्ष उमेदवाराने ती जिंकली. एवढी चुरस असूनही टक्का घसरला. टक्का हे जर सद्गुणाचे माप असेल, तर पाच वर्षांत सांगलीच्या लोकांचा सद्गुण ओसरला आणि साताऱ्याच्या लोकांत तो वाढला असे म्हणावे लागेल. असे विधान कोणी गंभीरपणे करील असे आम्हांस वाटत नाही.

परंतु या विषयावर सर्वांत अधिक प्रकाश टाकणारा दाखला साताऱ्यानेच दिला आहे. २३ एप्रिल २०१९ रोजी साताऱ्याने आपला खासदार निवडला. पुढे त्या खासदारांनी राजीनामा दिला, पक्ष बदलला आणि २१ ऑक्टोबर २०१९ रोजी विधानसभेच्या मतदानाबरोबरच लोकसभेची पोटनिवडणूक झाली. तीच गावे, तीच केंद्रे, बहुतांशी तीच मतदारयादी. मात्र मतदान सुमारे ६७ टक्क्यांवर गेले. सहा महिन्यांत सात टक्क्यांची वाढ. मतदानाच्या तीन दिवस आधी साताऱ्यात भर पावसात झालेली सभा राज्यभर गाजली होती आणि वातावरण तापलेले होते, हे खरे. परंतु मूळ कारण अधिक साधे आहे. त्या दिवशी मतदाराला दिल्लीचा प्रतिनिधी आणि मुंबईचा आमदार एकाच फेरीत निवडायचे होते. आमदारकीचा उमेदवार त्याच्या ओळखीचा, कदाचित त्याच्या भावकीतला, कारखान्यावर किंवा बाजार समितीत भेटणारा. त्याच्यासाठी माणूस घराबाहेर पडला आणि जाता जाता लोकसभेचेही बटण दाबून आला.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी मतदान झाले तेव्हाही हेच दिसले. मे महिन्यात बासष्ट-त्रेसष्टवर थांबलेले सातारा-सांगली जिल्हे नोव्हेंबरात सत्तरीच्या वर गेले. ग्रामपंचायतीची निवडणूक असेल तर खेडोपाडी ऐंशी टक्क्यांच्या वर मतदान होणे ही नवलाची गोष्ट मानली जात नाही. ग्रामपंचायतीला रांग, आमदारकीला गर्दी आणि खासदारकीला विसावा, असा हा उतरता क्रम आहे. येथे कर्तव्यबुद्धी कमीजास्त झालेली नाही, सत्तेपासूनचे अंतर कमीजास्त झाले आहे.

या भूमीला उदासीन म्हणताना इतिहासाचीही आठवण ठेवावी लागते. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यापूर्वी हा सगळा एकच सातारा होता. याच साताऱ्याने १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकार चालविले. गावोगावी लोकन्यायालये बसविली, परकी सत्तेचा कारभार बाजूला सारून आपले तंटे आपणच सोडविले. त्या चळवळीचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ साली साताऱ्यातूनच लोकसभेवर निवडून गेले. याच परिसरात विखुरलेल्या बहात्तर गावांच्या औंध संस्थानाने १९३९ साली, महात्मा गांधींच्या सल्ल्याने, राजाची सत्ता प्रजेच्या हाती देणारी घटना स्वीकारली. गावाने पंचायत निवडावी, पंचायतींनी तालुक्याचा कारभार पाहावा आणि तेथून प्रतिनिधी वर जावेत, अशी तिची रचना होती. सत्ता प्रथम गावाच्या हाती, आणि गावाला न पेलणारे तेवढेच वर, हा तिचा गाभा. याच्या आठच वर्षे आधी, १९३१ साली, पोप अकरावे पायस यांनी आपल्या सामाजिक परिपत्रकात असेच एक तत्त्व मांडले होते: जे काम लहान समूह नीट करू शकतो ते मोठ्या समूहाने त्याच्या हातून काढून घेणे अन्यायाचे आहे. एक तत्त्व रोममध्ये लिहिले गेले आणि दुसरे औंधात राबविले गेले. त्यांचा परस्परांशी संबंध नव्हता, पण माणसाच्या स्वभावाची ओळख दोघांनाही सारखीच होती. माणूस जवळच्या गोष्टीसाठी लवकर उठतो.

आता टक्केवारीच्या दुसऱ्या अंगाकडे वळू. टक्का हा अपूर्णांक आहे. वरची संख्या मतदान करणाऱ्यांची, खालची संख्या यादीतल्या नावांची. आपण वरच्या संख्येबद्दल नीतीची भाषा बोलतो आणि खालच्या संख्येकडे पाहतच नाही. त्या यादीत गेल्या वर्षी वारलेले आजोबा असतात, लग्न होऊन सासरी गेलेली लेक असते आणि पोटासाठी बाहेर पडलेला मुलगा असतो. पाटण आणि जावळीच्या खोऱ्यांतील कितीतरी घरांतला कर्ता पुरुष मुंबई-नवी मुंबईच्या बाजारांत माथाडी कामगार आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतले गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याचा धंदा घेऊन देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचले आहेत. जतच्या दुष्काळी गावांतले मजूर ऊसतोडीला आणि इतर कामांना बाहेर पडतात. या साऱ्यांची नावे गावच्या यादीत असतात आणि मतदानाच्या दिवशी देह मात्र शेकडो कोस दूर असतो.

लोकप्रतिनिधित्वाचा १९५० चा कायदा सांगतो की माणूस जेथे सामान्यतः राहतो तेथे त्याचे नाव असावे. केवळ घर आहे म्हणून त्या गावचा रहिवासी ठरत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण माणसाच्या दृष्टीने? ज्या शहरात तो दहा बाय दहाच्या खोलीत चौघांबरोबर राहतो, जेथे भाडेकरार त्याच्या नावावर नाही, ते शहर त्याला आपले मानत नाही. ज्या गावात त्याची जमीन, त्याचे दैवत आणि त्याची म्हातारी आई आहे, तेथील यादीतून नाव काढणे म्हणजे त्याला गाव सोडल्यासारखे वाटते. एका मातेला आम्ही विचारले होते, “मुलगा मतदानाला येणार का?” ती म्हणाली, “फादर, पोरगं वाशीला हाय. दोन दिसाचा खाडा आन् गाडीभाडं, कोण देणार?” तिच्या प्रश्नात टाळाटाळ नव्हती, हिशेब होता. अशा स्थलांतरितांना असतील तेथूनच मत देता यावे यासाठी निवडणूक आयोगाने २०२३ च्या जानेवारीत एका दूरस्थ मतदानयंत्राचा प्रस्ताव राजकीय पक्षांपुढे ठेवला होता. परंतु २०२४ ची निवडणूक त्याविनाच झाली.

आमच्या गुरुकुलात नीतिशास्त्र शिकविताना एक जुने सूत्र प्रथम पाठ करून घेतले जाई: अशक्य गोष्टीचे बंधन कोणावरही नाही. न करण्याचे पाप घडण्यासाठी दोन गोष्टी लागतात. करण्याचे बंधन हवे आणि करण्याची शक्ती हवी. यांपैकी एक नसेल तर दोष उरत नाही. म्हणून न आलेल्यांचे तीन गट पाडणे आम्हांस आवश्यक वाटते. काही जण येऊ शकले नाहीत. काहींना यावेसे वाटले नाही. आणि काहींनी विचारपूर्वक यायचे नाकारले. सांगलीच्या २०२४ च्या आकड्यात न आलेल्यांचे प्रमाण ३७.७३ टक्के आहे. त्या एका संख्येत मृत, प्रवासी, आळशी, आजारी आणि संतप्त असे सारे एकत्र कोंबलेले आहेत. हा आकडा सर्वांच्या वतीने बोलतो आणि म्हणून कोणाच्याच वतीने बोलत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. मोठा टक्का म्हणजे निखळ पुण्य असेही नाही. ग्रामपंचायतीच्या वेळी मुंबईहून गाड्या भरून माणसे येतात, त्या गाड्या कोणी केल्या हे सर्वांना ठाऊक असते. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत उमेदवाराने मतदारांना वाहनाने केंद्रावर आणणे हा कायद्याने भ्रष्टाचार ठरतो; परंतु व्यवहारात टक्क्याच्या वाढीमागे कोठे वाहन असते, कोठे पाकीट, कोठे भावकीचा धाक. स्वतःच्या मनाने न आलेला मतदार संख्या वाढवितो, लोकशाही वाढवितोच असे नाही.

तर मग टक्क्याला काहीच अर्थ नाही काय? तसेही म्हणता येत नाही. याच महाराष्ट्रात, त्याच २०२४ साली, जंगलांनी वेढलेल्या आणि नक्षलवादाच्या छायेखालच्या गडचिरोली-चिमूर मतदारसंघात ७१.८८ टक्के मतदान झाले आणि दक्षिण मुंबईत ५०.०६ टक्के. गडचिरोलीच्या आदिवासी माणसाला केंद्र गाठण्यासाठी पायपीट करावी लागते आणि परतीच्या वाटेवर भीती असते. दक्षिण मुंबईच्या मतदाराचे केंद्र बहुधा पुढच्याच गल्लीत असते. इकडे साताऱ्यातही कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या वाड्यांपर्यंत मतदानाचे साहित्य लाँचने न्यावे लागते, आणि त्या केंद्रावरही माणसे येतात. शक्ती असूनही न येणे आणि अडचण असूनही येणे, या दोन गोष्टी जेथे समोरासमोर दिसतात तेथे नीतीचा प्रश्न टाळता येत नाही. ‘येऊ शकले नाहीत’ ही ढाल ज्याची आहे त्याच्यासाठीच ती राखून ठेवली पाहिजे. ती सुखवस्तू माणसाने उसनी घेऊ नये.

अशा सुखवस्तू माणसाजवळ आणखी एक युक्तिवाद असतो आणि तो सोपा नाही. तो म्हणतो, “माझ्या एका मताने निकाल बदलत नाही.” अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९५७ साली हाच विचार शास्त्राच्या भाषेत मांडला: एका मताने निकाल फिरण्याची शक्यता इतकी क्षीण असते की नफातोट्याच्या हिशेबात केंद्रावर जाण्याचे श्रमही परवडत नाहीत. २०२४ साली साताऱ्याचा निकाल बत्तीस हजारांहून अधिक मतांनी लागला. सांगलीचा सुमारे एक लाख मतांनी. कोणीही एक जण घरी राहिला असता तरी निकाल तोच लागला असता. हे खोटे नाही, आणि ते खोटे आहे असे भासवून कर्तव्याचा उपदेश करणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

मात्र या हिशेबात एक गृहीत दडलेले आहे. मताचा उपयोग विजेता ठरविण्यापुरताच असतो, हे ते गृहीत. वस्तुस्थिती तशी नाही. मतमोजणीचे आकडे केंद्रनिहाय प्रसिद्ध होतात. निकालानंतर प्रत्येक पक्षाचा कार्यकर्ता ते आकडे घेऊन बसतो: या गल्लीत किती, त्या वस्तीत किती. जी वस्ती मतदान करते ती त्याला दिसते. जी करीत नाही ती पुढची पाच वर्षे नकाशावरून पुसली जाते. तिचा हातपंप, तिचा रस्ता, तिची स्मशानभूमी यांच्याबद्दल कोणाला जाब द्यावा लागत नाही. एकेका माणसाचे मत विजेता बदलत नसेल, पण ते वस्तीच्या अस्तित्वाच्या नोंदीतला एक अंक असते.

माण आणि कोरेगावच्या दुष्काळी टापूत २०१६ पासून पाण्यासाठी श्रमदानाची जी चळवळ झाली तिचे स्मरण येथे होते. कोरेगाव तालुक्यातील वेळू या गावाने त्या वर्षीच्या स्पर्धेत पहिला क्रमांक मिळविला. बांधावर टाकलेली एक पाटी माती काढून घेतली तर बांध फुटत नाही. कोणीही म्हणू शकला असता की माझ्या एका पाटीवाचून काय अडते. अडत नाही, हे खरेच. पण ज्याने एकही पाटी उचलली नाही आणि पावसाळ्यानंतर विहिरीला आलेले पाणी मात्र आपल्या पिकाला दिले, त्याच्याकडे गाव कोणत्या नजरेने पाहील? त्याने बांध फोडलेला नाही. दुसऱ्याच्या घामावर आपला मळा भिजवून घेतला, एवढेच. मतदानाचे बंधन निकालातून उगवत नाही, ते या न्यायातून उगवते. जो भार सर्वांनी मिळून उचलल्यावाचून उचलला जात नाही, त्यातला आपला वाटा सोडून देणे हे शेजाऱ्यावर केलेले अन्यायाचे कृत्य आहे.

१९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने मतदान हा नागरिकाचा हक्क आणि कर्तव्य दोन्ही असल्याचे सांगितले. १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ त्याच्या पुढे जाऊन करभरणा आणि देशरक्षण यांच्या पंक्तीत मतदानाला बसवितो. हे तिघे एकत्र का? एकट्याच्या कराने तिजोरी भरत नाही, एकट्या सैनिकाने सीमा राखली जात नाही आणि एकट्याच्या मताने सरकार बनत नाही. तरीही तिन्ही ठिकाणी एकेकट्यालाच जावे लागते.

आता तिसऱ्या गटाकडे, नकार देणाऱ्यांकडे, येऊ. सप्टेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय मतदाराला मिळाला. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत सांगली जिल्ह्यातील पलूस-कडेगाव मतदारसंघात वीस हजारांहून अधिक मतदारांनी तो वापरला आणि विजयी उमेदवाराखालोखाल मते ‘कोणीही नाही’ला पडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुराने पलूस तालुक्याची दैना केली होती. या मतांमागे कोणाची योजना होती, कोणाचा राग होता, याची चर्चा पुष्कळ झाली. आमचा मुद्दा वेगळा आहे. ती वीस हजार माणसे घराबाहेर पडली, रांगेत उभी राहिली, बोटाला शाई लावून घेतली आणि ‘नाही’ म्हणाली. त्यांचा नकार मोजला गेला, छापला गेला, इतिहासात राहिला. त्याच दिवशी घरी बसलेल्यांचा नकार, तो खरोखर नकार असलाच तर, दुपारच्या झोपेपासून वेगळा ओळखता येत नाही.

रस्ता नाही, पाणी नाही म्हणून एखादे संपूर्ण गाव मतदानावर बहिष्कार टाकते, तेव्हा तो निर्णयही उघड असतो आणि ते गाव त्याची किंमत जाणून असते. पिढ्यान्पिढ्या पाण्याची वाट पाहणाऱ्या गावाला आम्ही दोष देणार नाही. तथापि आमचे नम्र मत असे की बहिष्काराचे शस्त्र ज्याच्यावर उगारायचे त्याला ते फारसे लागत नाही; न पडलेले मत त्याच्या विरोधकालाही मिळालेले नसते. ‘नाही’ म्हणायचे असेल तर ते केंद्रावर जाऊन म्हणावे.

सक्ती हा उपाय काहींना सुचतो. बेल्जियमने १८९३ साली आणि ऑस्ट्रेलियाने १९२४ साली मतदान सक्तीचे केले. आपल्याकडे गुजरात राज्याने स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी असा कायदा केला. त्यास २०१४ साली संमती मिळाली आणि २०१५ साली उच्च न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. सक्तीचा पुरस्कार करणारे ऑस्ट्रेलियाचा ऊंच टक्का दाखवितात, पण तेथे मतदान शनिवारी होते आणि आपल्या मतदारसंघाबाहेर असणाऱ्यालाही मत देण्याची सोय केलेली आहे, हे सांगायचे विसरतात. तेथे बंधन दुहेरी आहे: नागरिकाने यायचे आणि राज्याने त्याला येता येईल असे करायचे. दुसरे बंधन न पाळता पहिलेच लादले, तर दंड वाशीच्या माथाडीला बसेल आणि दक्षिण मुंबईचा मतदार तो खिशातल्या सुट्ट्या पैशांतून भरील. शिवाय सक्तीने शरीर केंद्रावर येते; मन येईलच याची खात्री नाही.

येथवर आल्यावर एक अधिक खोल प्रश्न समोर उभा राहतो. माणूस जवळच्यासाठी लवकर उठतो, हे आपण पाहिले. ते स्वाभाविक आहे, चांगलेही आहे. पण ते पुरेसे आहे काय? उसाला किती दर द्यायचा याचा किमान आकडा दिल्लीत ठरतो. सातारा तालुक्यातील अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखले जाते. तेथल्या तरुणांना कोणत्या सीमेवर पाठवायचे हे ग्रामपंचायत ठरवीत नाही, आमदारही ठरवीत नाही. मणिपूरच्या आईचे, काश्मीरच्या मुलाचे आणि गडचिरोलीच्या माडियाचे भवितव्य ज्या सभागृहात ठरते, त्या सभागृहातली एक खुर्ची सातारा भरतो आणि एक सांगली.

ग्रामपंचायतीचे मत आपण आपल्यासाठी देतो, आपल्या गल्लीसाठी, आपल्या भावकीसाठी. लोकसभेचे मत आपण बव्हंशी अशा माणसासाठी देतो ज्याला आपण कधी पाहिलेले नाही आणि पाहणारही नाही. ‘माझा शेजारी कोण?’ हा प्रश्न येशूला एका शास्त्र्याने विचारला होता, आणि त्याचे उत्तर रस्त्यावर पडलेल्या एका अनोळखी माणसाच्या कथेने दिले गेले. आमच्या मते लोकसभेच्या टक्क्याची खरी परीक्षा येथे आहे. सातारा सांगलीहून पुढे की मागे, हा प्रश्न गौण होय. ग्रामपंचायतीला ऐंशीच्या वर जाणारे आपण लोकसभेला बासष्टवर का येतो, हा खरा प्रश्न. त्या अठरा-वीस टक्क्यांत वाशीचा माथाडी आहे, त्याला सोडून देऊ. पण उरलेल्यांत आपण ‘आपले’ हा शब्द किती दूरवर नेतो याचे मोजमाप आहे. ‘आम्ही’ म्हणताना आपली वाडी डोळ्यांपुढे येते, फार तर तालुका. देश क्वचितच येतो.

आमच्यासारख्या संख्येने लहान समाजाला हा प्रश्न विशेष लागू पडतो. सातारा-सांगलीत आमची घरे विखुरलेली. एकेका धर्मग्रामात मते अशी किती असणार? “फादर, आपल्या पन्नास मतांना कोण विचारतंय?” असे आम्ही अनेकदा ऐकले आहे. पन्नास मतांनी आमदार पडत नाही, हे मान्य. पण मत हे केवळ आपले गाऱ्हाणे मांडण्याचे साधन आहे असे मानले, तरच संख्येची लाज वाटते. दुसऱ्याच्या भल्याचा विचार करण्याचा तो वाटा आहे असे मानले, तर पन्नास माणसांनी विचारपूर्वक टाकलेली पन्नास मते पुरेशी आहेत. मीठ ताटात किती असते?

धर्मगुरूने कोणाला मत द्यावे हे सांगू नये. ते आमचे काम नव्हे आणि तसा अधिकारही आम्हांस नाही. पण काही गोष्टी अवश्य कराव्यात. निवडणूक जाहीर होण्याच्या कितीतरी आधी, यादी हाती घेऊन बसावे. नव्याने अठरा वर्षांचे झालेल्यांचे नमुना सहाचे अर्ज भरून घ्यावेत, स्थलांतर झालेल्यांचे नमुना आठचे. वारलेल्यांची नावे कमी करून घ्यावीत. तेही सत्याशी इमान राखणेच आहे. शहरात स्थिरावलेल्या तरुणाला हळुवारपणे सांगावे की, बाळ, तू जेथे राहतोस तेथल्या पाण्याचे, शाळेचे आणि रस्त्याचे तू काही देणे लागतोस. नाव तेथे नेल्याने गाव परके होत नाही. पंच्याऐंशी वर्षांवरील वृद्धांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मतदान करण्याची सोय २०२४ च्या लोकसभेत देण्यात आली होती. ती त्यांच्या कानांवर घालावी.

आणि जो येऊ शकत असूनही आला नाही, त्याच्याशी कठोर होऊ नये, पण त्याला मोकळेही सोडू नये. त्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत असे आम्ही सुचवितो. मला जाता आले असते काय? मी न जाण्याने माझा वाटा कोणी उचलला? आणि ज्या निर्णयाची झळ मला लागणार नाही, दुसऱ्या कोणाला तरी लागणार आहे, त्याच्याविषयी मी काहीच न बोलणे मला शोभते काय? या प्रश्नांची उत्तरे निवडणूक आयोगाच्या कोणत्याही तक्त्यात सापडणार नाहीत. ती ज्याची त्याने आपल्या सदसद्विवेकबुद्धीपुढे द्यायची आहेत, आणि पुढच्या मतदानाच्या दिवशी सकाळी, पायांत चपला घालताना, कृतीने द्यायची आहेत.